एका शाळेतून एकच

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही एका बंद दारासमोर बाकावर बसला आहात. दारावर पाटी आहे, ‘कॉलेज मार्गदर्शन’. आत जाऊन एकच वाक्य बोलायचंय आणि ते मनात घोटून घोटून पार गुळगुळीत झालंय.

मुंगी तशीच बसली होती. वर्गात सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चिवट, म्हणून आत्याने तिला हे नाव ठेवलेलं. तिला पूल बांधायला शिकायचं होतं. घराजवळच्या कालव्यावरचा लोखंडी पूल माणसं चालली की थरथरायचा, पण पडायचा नाही. का पडत नाही, हे कुणी तिला धड सांगितलं नव्हतं. ते शिकवणारं कॉलेज एकच होतं आणि अर्जावर शाळेचा शिक्का लागायचा. शिक्का मार्गदर्शनाच्या सरांच्या खणात.

“पुलांचं कॉलेज?” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर म्हणाले. “ते वर्गातल्या पहिल्या नंबराला दिलं.”

“पण त्याला तर गुरांचा डॉक्टर व्हायचंय!”

“त्याला काय व्हायचंय ते त्याचे मार्क ठरवतील. एका कॉलेजला आपल्या शाळेतून एकच अर्ज जातो. एकाच दारात दोघांनी कशाला धक्काबुक्की करायची? तू बँकेचं शिक्षण घे. सावलीतलं काम.”

“हा नियम कुणाचा, सर?”

“नियम कसला? रीत आहे. मागे दोघांनी एकाच ठिकाणी अर्ज केला, दोघांनाही नकार आला. तेव्हापासून ताकही फुंकून पितो आपण. पुढचा कोण?”

पहिला नंबर जिन्यात भेटला. मुंगीने त्याची वाटच अडवली. “अरे, मग तू नाही म्हण ना!”

“बाबांनी गावभर सांगून झालंय,” तो रडवेला होऊन म्हणाला. “आता नाही म्हटलं, तर गुरांच्या दवाखान्यात मलाच बांधून येतील.”

संध्याकाळी आत्या काम करायची त्या लाँड्रीत मुंगी पाय आपटत शिरली. सगळं ऐकताना आत्याची इस्त्री शर्टाच्या पाठीवरून सरसर फिरत होती.

“माझ्यावर कशाला फणकारतेस? कॉलेजला विचारलंस?”

“विद्यार्थ्यांनी परस्पर फोन करायचा नाही, असं सर म्हणतात.”

“मी कुठे विद्यार्थी आहे?” आत्याने इस्त्री उभी केली, मुंगीच्या हातातल्या अर्जावरून कॉलेजचा नंबर लावला आणि मोबाइल मुंगीच्याच कानाला लावला. “घे. आता विद्यार्थ्याने फोन केलेला नाही, नुसता घेतलाय.”

पलीकडच्या बाईंना आधी प्रश्नच कळेना. “एका शाळेतून एकच? असं कोण म्हणतं? दहा पाठवा. तुमच्याकडून दरवर्षी एकच अर्ज येतो, आम्हाला वाटायचं बाकीच्यांना आवड नसेल.”

दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती. मुंगीने आत्याचा मोबाइल मागून घेतला आणि सकाळीच सरांचं दार गाठलं. आता शिक्का मिळणारच, अशी तिची खात्री होती. पण सरांनी सगळं ऐकलं आणि खण गुडघ्याने आणखी आत लोटला.

“त्या बाईंचं काय जातंय? फाटकावर फलक पाहिलास? ‘शंभर टक्के प्रवेश’. दोन पाठवले आणि एक परत आला, तर तो फलक कोण पुसणार? मी?”

“म्हणजे मी नापास होईन याची नाही, फलक नापास होईल याची भीती?”

“शब्दांत पकडू नकोस. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

“माझं भलं मला एकदा विचारा तरी!” तिचा आवाज चिरकला. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “आटप गं, आम्हालाही ओरडा खायचाय!” सगळा बाक हसला.

सर दुसरा कागद ओढून त्यात डोकं घालून बसले. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ. सगळी मुलं इथेच उठून जायची.

मुंगी उठली नाही. तिने मोबाइल काढला, कालचाच नंबर लावला, पलीकडे घंटी वाजू लागली तसा तो टेबलावरून सरांच्या हाताशी सरकवला आणि म्हणाली, “सर, आज तुम्हीच बोला.”