रस्ता मोकळा हाय

अमरेशला मारणारा माणूस गावात उजळ माथ्यानं फिरतोय, हे दाक्षायणीला माहेरी आल्यावर दर खेपेला दिसायचं. अमरेश तिचा धाकटा भाऊ, गावचा कोतवाल. भीमेतली चोरीची वाळू नेणारा टिपर अडवायला तो रस्त्यात उभा राहिला आणि चिरडला गेला. ब्रेक लागले नाहीत, असं ड्रायव्हर म्हणाला. अपघात म्हणून कागद रंगले. वाळूचा मालक अभिमन्यू मातीला आला आणि तिच्या आईच्या, गुरम्माच्या, पाया पडून गेला. ते बघूनच दाक्षायणीनं ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

तहसीलचं पथक यायचं, पण नदीपात्र रिकामंच सापडायचं. फाट्यावरच्या टपरीत अभिमन्यूचा माणूस नागनाथ वॉकीटॉकी घेऊन बसलेला असे. जीप दिसली की तो सांगायचा, आणि वाळू उपसणाऱ्या बोटी पल्याड कर्नाटकाच्या काठाला लागायच्या.

सोलापुरात नवी पेठेत दाक्षायणीचं वायरलेस सेट दुरुस्तीचं दुकान होतं. एके दिवशी ती रिसीव्हर घेऊनच माहेरी आली. चुलीपाशी बसल्या बसल्या नागनाथचा आवाज खरखरत आला, "रस्ता मोकळा हाय, चालू द्या."

"अगं, सगळं ऐकू येतंय की!" गुरम्मा भाकरी थापायची थांबली.

"ऐकू येतंय, अव्वा. पण मला त्यांच्याशी बोलायचंय. त्यांच्या सेटला कुलूप हाय. बोलण्याच्या खाली एक आकडा गुरगुरत असतो. तो जुळला तरच सेट कान उघडतो. न्हायतर मी कितीबी ओरडले तरी त्यांना कळायचं न्हाय."

"मग काढ की तो आकडा."

दाक्षायणीनं बोलणं रेकॉर्ड करून दुकानात नेलं. कॉम्प्युटरवर आवाज गाळून टाकला. खाली उरली ती संथ, वरखाली होणारी लहर, एक आणि शून्यांची, पुन्हा पुन्हा तीच. बांगडीसारखी, सुरुवात कुठं, शेवट कुठं, काही खूण नाही. कुठून तोडावी हे चाचपत अखेर तिनं आकडा काढला. तो दुकानातल्या एका वॉकीटॉकी सेटमध्ये भरला, गावी येऊन बटण दाबलं. पलीकडे शुकशुकाट. ती चिडली, पुन्हा बसली, तेव्हा ध्यानात आलं: तिच्या रिसीव्हरमध्ये लहरच उलटी होत होती, एकाचं शून्य अन् शून्याचं एक. तिनं ती सुलटी करून नवा आकडा सेटमध्ये भरला आणि बटण दाबलं.

"कोण हाय रं?" अभिमन्यू लगेच गुरकावला.

तिनं बटण सोडलं. कुलूप उघडलं होतं.

तिनं नायब तहसीलदार बाईंना फोन केला. "उद्या दुपारी या, मॅडम. ह्या खेपेला पात्र भरलेलं दिसंल. फाट्याआधी मला तेवढा एक मिस्ड कॉल द्या."

दुसऱ्या दिवशी ती घराच्या नदीकडच्या माळवदावर सेट घेऊन बसली. फोन वाजताच तिनं बटण दाबून धरलं. फाट्यावर नागनाथ बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "आली, आली, पळा!" पण तो लांब, ती जवळ, जवळचा सेट लांबच्याला गिळतो. नदीत ऐकू गेला तो नागनाथचाच रेकॉर्ड केलेला आवाज: "रस्ता मोकळा हाय, चालू द्या."

पथकानं टिपर धरले, बोटी जिलेटिननं उडवल्या. धूर बघून गुरम्मा पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. अभिमन्यू मोटरसायकलवरून निसटला तो थेट टपरीवर. "मोकळा म्हणालास ना?" असं विचारत त्यानं नागनाथला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. तिथंच पोलिसांनी त्याला उचललं.

दाक्षायणी सरकारी दवाखान्यात गेली. नागनाथचं तोंड सुजलेलं होतं. तिला जराशी दया आली, पण जराशीच. अमरेश गेला त्या दिवशीही टपरीत हाच बसला होता.

"त्या दिवशी सेटवर काय ऐकलंस?" तिनं विचारलं.

"काय न्हाय, अक्का."

"ज्यानं तुझे दात पाडले त्याला वाचवतोस व्हय?"

नागनाथ भिंतीकडं बघत म्हणाला, "ड्रायव्हर इचारत हुता, कोतवाल मधी उभा हाय, काय करू? शेठ म्हणाला, थांबू नको, घाल अंगावर."

"हेच पोलिसांपुढं सांग."

"सांगतो. पर अक्का, माझा आवाज तितं कसा गेला?"

ती पोलिसांना बोलवायला उठली.

नागनाथच्या जबाबानंतर ड्रायव्हरही फुटला आणि खुनाचं कलम लागलं. अभिमन्यूला कोर्टात आणलं तेव्हा ती पायऱ्यांवर वाट बघत होती. तो जवळून जाताना ती हळूच, कानडीत बोलली, पोलिसांना कळू नये म्हणून. सेटवर मी होते, कोतवालाची बहीण. क्षणभर त्याला उमजलं नाही. उमजलं तेव्हा तो शिव्या देत तिच्यावर झेपावला. शिपायांनी त्याला ओढून आत नेलं. ती हलली नाही. त्याचा तो चेहरा तिनं डोळे भरून बघितला.

"आता तरी जीव शांत झाला का, दाक्षा?" घरी आल्यावर गुरम्मानं विचारलं.

"अजून शिक्षा व्हायचीय, अव्वा," चप्पल काढत ती म्हणाली. "तेवा तुला बी संगं नेते."