बापाचा अंगठा

"मुलीचे वडील कुठायत?" हेडक्लार्क आप्पासाहेबांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

खिडकीपाशी सोजरबाई सकाळी दहापासून उभी होती. मार्केट यार्डात कांदे निवडायची. वास लुगड्यातच मुरलेला. "मी आई हाय न्हवं, सायेब. माजा आंगठा घ्या की."

"फॉर्मवर 'वडील' छापलंय. 'आई' छापलं की कळवू. पाचला प्रवेश बंद."

पलीकडे कुसुम कॉलेजचा पट लिहीत होती. बावीस वर्षं तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात मुलं पटावर चढत होती. आपला नवरा संभाजी ढोले चार वर्षांपूर्वी दुसरं घर करून गेला, हे सोजरबाईनं तिला सांगितलं होतं. कुसुम पुढचं नाव लिहायला लागली होती.

हॉलमधून प्राचार्यांचं स्वागताचं भाषण कर्ण्यावर ऐकू येत होतं. दरवर्षीचंच, टाइप कुसुमनंच केलेलं. "मॅट्रिक म्हणजे परीक्षा, असं आपण समजतो. मुळात मॅट्रिक्युलेट होणं म्हणजे विद्यापीठाच्या पटावर रीतसर नाव लागणं. आणि त्या पटाच्या लॅटिन नावाचं, 'मॅट्रिक्युला'चं, मूळ कशात? आईच्या कुशीत!"

टाळ्या पडल्या. सोजरबाई तोवर कुठंशी निघून गेली होती.

साडेचारला परतली ती एका माणसाला घेऊन. डोक्यावर हमालाची चुंबळ तशीच.

"या, बसा!" आप्पासाहेबांनी खुर्ची पुढं सरकवली. "आधी यायला काय झालं होतं?"

संभाजीच्या नावापुढं त्यानं अंगठा उठवला. मग हळूच सोजरबाईला विचारलं, "पोरीचं नाव काय म्हनलीस?"

आप्पासाहेबांनी ऐकलं. ऐकलं, आणि शिक्का मारला.

कुसुमला त्या शिक्क्याची शिसारी आली, टाळ्यांची आली. सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताची, कारण तो लिहीतच होता. द्वारका संभाजी ढोले. अक्षर नेहमीसारखंच देखणं.

"लागलं का नाव, ताई?"

कुसुमनं पट तिच्याकडं फिरवला. सोजरबाईनं पदराला बोट पुसलं, पण कागदाला लावलं नाही, वरूनच धरलं.

"ह्ये लेकीचं. आन् म्होरलं?"

"वडिलांचं."

सोजरबाईनं बोट मागं घेतलं. मग खुर्चीतल्या माणसाला साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाली, "चल गेनबादादा. सख्ख्या भावावानी काम केलंस. गाडी खाली करायची ऱ्हायलीया."

गेनबा उठला. आप्पासाहेबांनी खुर्ची रुमालानं झटकली.

दहाला आलेली सोजरबाई, आली तशी उभ्यानंच गेली.