ट्रेलरमधलं हसू

मित्रांनो, तेनालीतल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला मी एक जुना जॉइनर आहे. तुटलेल्या फिल्मची दोन टोकं माझ्या दातांवर बसवायची, पात्याने कापायची आणि चिकटवायची, एवढंच माझं काम. ऑपरेटर कोटय्यागारू मला रोज मऊ फडक्याने पुसत. या कामाने माझा स्वभाव मात्र संशयी झाला. पडद्यावर दोन गोष्टी लागोपाठ दिसल्या म्हणून त्या लागोपाठ घडल्या, यावर माझा काडीचा विश्वास नाही.

त्यातही ट्रेलर म्हणजे नुसते जोडच जोड. एका उन्हाळ्यात प्रेमाच्या एका विनोदी सिनेमाचा ट्रेलर आला. नायक नायिकेच्या सायकलीपुढे आडवा येतो, ती ‘वद्दू’ म्हणते, म्हणजे नको. असं तीनदा. तिसऱ्या नकारानंतर ती गोड हसते. जाडा मित्र फक्त खायला, सावळी मैत्रीण फक्त टोमणे ऐकायला. मला त्या हसण्याची पहिल्या दिवसापासून शंका होती, पण लोखंडाला विचारतो कोण?

कोटय्यांची मुलगी वनजा टायपिंगच्या क्लासला जायची. ट्रेलर लागल्यापासून बर्फाच्या कारखान्यातला सूरिबाबू रोज तिच्या सायकलीपुढे आडवा येऊ लागला. हे कोटय्यांच्या कानावर गेलं. दुपारी डबा घेऊन आलेल्या लेकीला ते म्हणाले, “उद्यापासून क्लास बंद.”

“परीक्षा महिन्यावर आलीय, नान्ना. आडवा तो येतो आणि घरी मी बसू?”

“लोकांच्या तोंडाला कुठे हात लावू, तल्ली?”

“तीनदा नको म्हटलं मी त्याला. तर म्हणतो, आता तू हसणार. तुमच्याच ट्रेलरात पाहिलंय त्याने.”

वनजाने ट्रेलरची पट्टी दिव्यासमोर धरली.

“हे बघा. नको म्हणताना कानात साधे खडे आहेत. हसताना झुमके, वर डोक्यात मोगरा. एवढ्यात हिने गजरा माळला कधी?”

तीस वर्षं रिळं फिरवलेल्या माणसाने चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग मला पुढ्यात ओढून माझ्याच पात्याने ते हसू कापलं.

संध्याकाळी ट्रेलर तिसऱ्या नकारावर संपला. पुढच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, “ओ ऑपरेटर, हसू कुठे खाल्लंत?” मागच्या बायकांच्या बाजूने मात्र टाळ्या आल्या. मला आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता.

कोटय्यांनी सूरिबाबूला वर बोलावून तो तुकडा त्याच्या हातात दिला.

“मग ती हसली कुणाला?” त्याने विचारलं.

“ते तिला ठाऊक. पण त्या नायकाला नाही, आणि तुला तर नाहीच.”

महिन्याभरात सिनेमा लागला. त्यात आजीने नव्या कवळीने पहिला अप्पडम, म्हणजे पापड, कडाकडा खाल्ला, म्हणून ती नायिका हसली होती. पहिल्या बाकावरचा सूरिबाबू मान खाली घालून बसला. तो पुन्हा कधी वाटेत आला नाही. वनजा परीक्षा पास झाली.

पुढे रिळं गेली आणि मी भंगारात गंजत पडलो. वनजानेच मला शोधून काढलं. आता तिच्या कचेरीतल्या मेजावर मी कागद दाबून बसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. कुणी नको म्हटलं, तर पुढचं हसू आपल्या मनाने जोडू नका.