पिवळ्या कागदावर, हाताने

"खोड," विन्स म्हणाला. "एक शब्द खोड आणि त्याच्यावर परत लिही."

"नीट लिहिलंय की."

"म्हणूनच खोड. छापील कागद लोक न वाचता कचऱ्यात टाकतात. खोडलेला शब्द दिसला की हात थांबतो. कुणीतरी दमलेली बाई दिसतेय, म्हणतात. बघू तर काय म्हणतेय."

मार्केट स्ट्रीटवरच्या डायनरमध्ये, मागच्या टेबलावर, मी पिवळ्या रेघांच्या कागदावर निळ्या शाईने पत्र लिहीत होते. मांडीवर रूथी माझ्या ब्लाउजचं बटण चोखत होती. विन्सने माझ्या खांद्यावरून वाचलं. 'तुमच्या घरावरून मी नेहमी जाते. मला ते फार आवडतं. मला ते विकत घ्यायचं आहे.'

"इथं पोरीचं टाक. 'मी आणि माझी लहान मुलगी.'"

"तिला कशाला मध्ये?"

"कोवाच, मी गाड्या विकायचो. दातांचा डॉक्टर आला तरी त्याला मी माझ्या आईचा फोटो दाखवायचो. तुझ्याकडे तर जिवंत पोर आहे, तेही असलं गुबगुबीत. टाक."

मी टाकलं. 'लहान' लिहून खोडलं आणि त्यावर 'लहानशी' असं लिहिलं. विन्सने टेबलावर थाप मारली. "शिकतेस!"

रूथी झाल्यावर वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यातल्या माझ्या कामाच्या पाळ्या आधी कमी झाल्या, मग संपल्या. रूथीचा बाप कामासाठी टेनेसीला गेला आहे, असं तो आणि मी दोघंही म्हणत होतो. अशा वेळी विन्स भेटला. त्याचा धंदा घरांचा, पण घर त्याने कधी विकत घेतलं नव्हतं. ज्याला घाईने घर विकायचंय असा माणूस शोधायचा, त्याच्याशी आपल्या नावाने करार करायचा आणि महिन्याच्या आत तो करारच जास्त पैशाला दुसऱ्या कुणाला तरी विकून बाजूला व्हायचं. याला तो होलसेल म्हणायचा. घर विकणारे मी आणायचे, गिऱ्हाईक त्याने. मिळेल त्यात निम्मं निम्मं.

विन्स वाईट माणूस नव्हता. रूथीचा कान फुटला तेव्हा माझी गाडी बंद होती. त्यानेच बर्फातून आम्हाला दवाखान्यात नेलं आणि तीन तास लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला.

घरं हेरायला मी दुपारी गाडी घेऊन निघायची. रूथी चालत्या गाडीतच झोपायची, त्यामुळे हे काम आम्हा दोघींना मानवलं. पोलादाचे कारखाने बंद पडल्यावर आमचं निम्मं यंग्स्टाउन शहर उठून गेलं होतं. गुडघाभर गवत, दारात साठलेलं टपाल, छपरावर निळी ताडपत्री दिसली की मी पत्ता टिपून घ्यायची. परत आल्यावर ती झोपलेलीच असली, तर गाडीतच बसून, स्टीअरिंगवर वही टेकवून पत्रं लिहायची. अशी दोनशे चाळीस पत्रं लिहिली. दोनशे चाळीस वेळा 'लहान' खोडलं.

मिस्टर पेट्रिकांच्या घरी गवत कापलेलं होतं. फक्त छपराची पन्हळ एका बाजूने लोंबत होती. मी जवळजवळ पुढे निघून गेले होते.

त्यांचा फोन आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "तुझी मुलगी केवढी आहे?"

"सात महिन्यांची."

"तिलाही घेऊन ये. मला जिना चढवत नाही, पण पोरं चालतात मला."

एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. दार उघडताच त्यांनी रूथीला माझ्याकडून घेतलं, विचारलंही नाही, आणि तिने तोंड वाकडं केल्याबरोबर म्हणाले, "हं हं. हे रडणं नाही, ही धमकी आहे. मला आरशात बघून कळायचं कोण खरं रडणार ते." रूथी रडली नाही. त्यांच्या चष्म्याची दोरी तोंडात घालून बसली.

बायको, इरेन, दोन वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. एरी शहरात त्यांच्या बहिणीने एक खोली रिकामी करून ठेवली होती. एक तारखेपर्यंत जायचं होतं.

"पत्रं ढिगाने येतात," ते म्हणाले. "छापील. 'रोख घेतो, आहे तसं घेतो.' जणू मी मेलेलं हरीण आहे रस्त्यातलं. तुझंच एक हाताने लिहिलेलं. तेही खोडून. म्हटलं, ही पोरीला एका हातात धरून लिहीत असणार."

मी हसले. 

त्यांनी घर दाखवलं. तळघर, घर गरम ठेवणारी भट्टी, इरेनची लोणच्याची मडकी. वर मी एकटीच गेले. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, पिवळट भिंतींची, खिडकीला चेरीच्या झाडाचा शेंडा टेकलेला. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले. पाळणा कुठे बसेल ते डोळ्यांनी मोजलं.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "पोरीला कुठली देशील?"

"मागची छोटी," मी म्हणाले. आणि ते बोलताना मी खोटं बोलत नव्हते. बँक मला सायकलीसाठीही कर्ज देणार नव्हती, पण खोली मी खरीच निवडली होती.

मी सोबत आणलेल्या करारावर माझ्या नावापुढे विन्सने टाकायला लावलेली ओळ होती: 'डीना कोवाच आणि/किंवा त्या ज्याला हक्क देतील तो.' तिच्यावरच त्यांचं बोट थांबलं.

"हा कोण?"

 रूथी त्यांच्या मांडीवर होती.

"ती वकिली भाषा असते हो. सगळ्याच कागदांवर असते."

"अस्सं. आमच्या बसच्या पासामागेही असायचं काय काय. कुणी वाचलं असेल, देव जाणे." आणि त्यांनी सही केली. जपून, शाळकरी अक्षरात.

डायनरमध्ये विन्सने माझ्यासाठी ॲपल पाय मागवला, वर आइस्क्रीम. "पहिला करार! कोवाच, आता तू आमच्यातली." मी म्हणाले, त्यांना वाटतंय मी तिथे राहणार आहे.

"तू सांगितलंस तसं?"

"नाही. पण..."

"मग झालं. वाटायला काय, मलाही वाटतं मी देखणा आहे." मग माझा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, म्हाताऱ्याला घर विकायचंय, विकलं जातंय. रोखीने, वेळेवर. कुणाचं नुकसान झालं? गुरुवारी माझं गिऱ्हाईक घर बघायला येईल, केंट. पिट्सबर्गचा आहे, भाड्याने द्यायला घेतो. म्हाताऱ्याला सांग, 'माझ्याबरोबरचा माणूस आहे.' बरोबरचा आहेच की."

गुरुवारी रूथीला आईकडे सोडून गेले. मिस्टर पेट्रिकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर अक्रोडाची कोलाची, गोड पावाची गुंडाळी, कापून ठेवली होती, चर्चमधल्या बायकांकडून सांगून आणलेली. केंट आत आला तसे ते पुढे होऊन म्हणाले, "ये बाबा ये. भाऊ का हिचा?"

केंटने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हिच्याबरोबरचा," तो म्हणाला, आणि बूट न काढताच आत गेला.

तेव्हा मला दिसलं. घरभर चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. कागदी चिकटपट्टीचे तुकडे, त्यांवर पेन्सिलीने मोठमोठी अक्षरं. स्वयंपाकघरातल्या नळावर: 'गरम पाणी यायला वेळ लागतो. वीसपर्यंत मोज.' भट्टीवर: 'बंद पडली तर घाबरू नकोस. डाव्या कुशीवर दोन थापा.' मागच्या दारावर: 'थंडीत फुगतं. खांद्याने ढकल.' जिन्याच्या कठड्यावर: 'चौथी पायरी कुरकुरते. पोर झोपलं असेल तर भिंतीकडून चढ.'

"बाथरूमची चिठ्ठी जरा वाकडी लागलीय," मिस्टर पेट्रिक मागून म्हणाले. "वरच्या मजल्याला दोन दिवस गेले. बसत बसत चढलो. विसरायला होतं ना आता, म्हटलं एकदाच लिहून ठेवावं."

केंट वर होता. फोनवर बोलत होता, आणि त्या घरात आवाज लपायला जागाच नव्हती. "पडद्यांसकट सगळं बाहेर काढायचं. स्वयंपाकघर तोडून मागे घेऊ, मधे भिंत, वर एक कुटुंब, खाली एक. झाड? हो, पाडूच. काय? नाही रे, म्हाताऱ्याने घरभर कायकाय चिकटवलंय. हे ऐक, खालच्या नळावर लिहिलंय, 'वीसपर्यंत मोज'." आणि तो हसला. क्रूरपणे नव्हे. गंमत वाटली म्हणून हसावं तसा.

मिस्टर पेट्रिक कॉफीचं भांडं हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते परत शेगडीवर ठेवलं.

केंट खाली आला, मला अंगठा उंचावून 'ठीक' अशी खूण केली, जाता जाता उभ्या उभ्या कोलाचीचा एक तुकडा तोंडात टाकला. "छान आहे," म्हणाला. त्याची गाडी गेली.

"तो तुझा कुणीच नाही ना?"

"नाही."

"आणि इथे तू..."

"नाही. मी करार त्याला विकते. माझा तोच धंदा आहे. मला घर घेण्याची ऐपतच नाही, मिस्टर पेट्रिक."

ते खुर्चीत बसले. टेबलावरचा एक कण बोटाने गोळा करत राहिले.

"पत्र?"

"दोनशे चाळीस लिहिली. सगळी तशीच."

"खोडलेलं?"

"तेही."

त्यांनी तो कण बशीत टाकला. रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरगी तरी तुझीच आहे का?"

"माझीच आहे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. त्यांनी कागदी रुमाल माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही म्हणालात तर मी कागद फाडते," मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले. आणि म्हणताना मनात देवाला हात जोडत होते, की त्यांनी हो म्हणू नये. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

"फाडून?" ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दुसरा येईल, छापील कागदवाला. बहिणीने तिचं शिवणाचं मशीन वऱ्हांड्यात काढून ठेवलंय माझ्यासाठी. राहू दे. मी सही केलीय."

मी उठून नळावरच्या चिठ्ठीकडे हात नेला. मला वाटलं, निदान हे तरी त्या माणसाच्या हाती लागू नये.

"असू दे ते," ते म्हणाले. "राहील कुणीतरी. त्यालाही गरम पाणी लागेल."

"तो सगळं तोडणार आहे."

"तोडेपर्यंत तर लागेल."

मग ते उठले. जिन्यापाशी गेले, कठडा धरला आणि चढू लागले. एकेक पायरी, मध्ये थांबत. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी मागे न बघताच हात हलवला. तरी मी चार पायऱ्यांचं अंतर ठेवून मागून गेले, पडतील या भीतीने.

ते मागच्या छोट्या खोलीत गेले. खिडकीशेजारी, भिंतीवर, एक चिठ्ठी होती. मी दारातूनच वाचली. 'रूथीची खोली. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. पडदा इरेनने शिवलाय, गरम पाण्यात धुऊ नकोस, आटेल.'

त्यांनी नखाने एक कोपरा सोडवला आणि पट्टी हळूहळू ओढून काढली. जपून काढली तरी तिच्याबरोबर बोटभर पिवळा रंग निघून आला आणि खालचा पांढरा गिलावा दिसू लागला. चिठ्ठी घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. मग अंगठा ओठांना लावून ओला केला आणि भिंतीवरची ती जागा पुसू लागले. मी दारात उभी होते. ते पुसत राहिले.