मधुकररावांनी अर्धाच ऐकलेला शब्द

पाहुणी नागपूरहून आली, अनुपच्या हातमागावर वाकली, साडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘जीनियस.’’

शेजारच्याच मागावर मधुकरराव बसले होते. चाळीस वर्षं धोटा फेकणारा माणूस. अनुप त्यांचा पुतण्या. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायलाही त्यांनीच शिकवलेलं. पाहुणीनं त्यांच्या विणीकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या एका शब्दानं त्यांच्या पोटात जी आग पडली, ती अख्ख्या पवनी गावातल्या पित्ताच्या गोळ्यांनी विझली नसती. शनिवारी विणकर सोसायटी दिल्लीच्या प्रदर्शनासाठी एकच माणूस निवडणार होती. तो माणूस आपणच, असं मधुकरराव वर्षभर धरून चालले होते.

ते इंग्रजीच्या निवृत्त मास्तरांकडे, पुंडलिकरावांकडे गेले. ‘‘गुरुजी, जीनियस म्हंजे काय जी?’’

मास्तरांनी जाडजूड कोश उघडला. ‘‘असामान्य बुद्धीचा माणूस. पण हे आताचं. शब्द जुना हाय, रोमन लोकायचा. माणसासंगं एक आत्मा जन्मते, थो त्याले सांभाळते, असं ते मानत...’’

‘‘आत्मा?’’ मधुकरराव उठून चालतेच झाले.

शनिवारी सभेत ते उभे राहिले. ‘‘पोट्ट्याच्या अंगात कायतरी हाय. मी नाई म्हणत, इंग्रजीच्या पुस्तकात लिवलं हाय. काठ थो विनतच नाई, त्याच्या अंगातला आत्मा विनते. असं काम दिल्लीले धाडता का?’’

अध्यक्ष विमलाबाई म्हणाल्या, ‘‘मंग बरंच झालं, मधुकरभाऊ. एका तिकिटात दोघं जातीन.’’

सभा खदखदून हसली. हात वर झाले. अनुपला सतरा. मधुकररावांना दोन: एक त्यांचा स्वतःचा, दुसरा अनुपचा. तो दुसरा हात त्यांना कानफटात बसल्यासारखा लागला. मोठेपणा दाखवतो साला.

बाहेर मास्तर भेटले. ‘‘तुमी अर्धंच आयकून पळाले. थो आत्मा एकट्या अनुपले नाई. जन्मलेल्या हरेकाले एक असते, असं त्यायचं म्हणणं.’’

‘‘हरेकाले?’’

‘‘हव. तुमालेही.’’

अनुपच्या मानगुटीवर भूत असतं, तर भुताला शिव्या घालता आल्या असत्या. आता कोणाला घालणार?

‘‘मंग चाळीस वर्सं माह्यावाला काय करून राहिला होता, गुरुजी?’’

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात मागून अनुप आला. ‘‘काकाजी, दिल्लीत माग बसवाले तुमी चला ना संगं. मले एकट्याले नाई जमत.’’

‘‘तुह्या आत्म्याले सांग,’’ मधुकरराव म्हणाले आणि वळूनही न पाहता घराकडे चालू लागले.