दोन कडांनी भरलेला बीम

सरलाबाईंनी बोटाच्या टोकाने एक धागा वेगळा काढला, पुढे धरला आणि म्हणाल्या, "पाच."

पलीकडून योगिताच्या हातातला लोखंडी आकडा तारेच्या डोळ्यातून आत आला, धागा पकडून मागे गेला.

"सहा."

पुन्हा आकडा आला. पोरीचा हात सकाळी अडखळत होता, आता बसला होता. सरलाबाईंना मनातून बरं वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत. बोलण्यात आकडा चुकतो.

भेस्तानच्या त्या कापड विणण्याच्या खात्यात बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, मागावर चढण्याआधी त्याचा एकेक धागा असाच हाताने भरावा लागे. एकाने मागे बसून धागा द्यायचा, दुसऱ्याने पुढे बसून तो ओढायचा. चार हजार धागे, डोळे असलेल्या तारांच्या आठ चौकटी. कोणता धागा कोणत्या चौकटीतून जाणार ते कागदावर लिहिलेलं. बीमच्या उजव्या कडेला सरलाबाई आणि त्यांची भाची योगिता, डाव्या कडेला धुडकू आणि उखा. दोन्ही जोड्यांनी कडेपासून आत सरकत जायचं आणि मधोमध भेटायचं.

आजवर या दोन जोड्या वेगळ्या होत्या. पण मोठी खाती आता चौघांच्या टोळीलाच बीम देऊ लागली, तेव्हा सरलाबाई आपण होऊन धुडकूच्या घरी गेल्या होत्या. धुडकू लगेच हो म्हणाला होता. उखाने मात्र दारातच ऐकवलं होतं, "बाईच्या हाताखाली काम म्हणजे कामापेक्षा बोलणंच जास्त." आजचा हा चौघांचा पहिला बीम. हा संध्याकाळच्या पाळीला नीट चढला तर टोळी राहणार होती, नाहीतर पुन्हा दोन जोड्या, आणि दोन्ही रिकाम्या.

सकाळी खात्यातले माग सांभाळणाऱ्या हेमराज मास्तरांनी कागद आणून दिला. नेहमीचं साधं कापड नव्हतं, तिरक्या विणीचं होतं. सरलाबाईंनी तो हातात घेतला. वस्तीतल्या बायकांच्या वर्गात त्या सेहेचाळीसाव्या वर्षी अक्षर शिकल्या होत्या. कागद समोर आला की अजूनही त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, मग कागद धुडकूपुढे केला.

"असू द्या तुमच्याकडेच," तो म्हणाला. "आम्हाला कळलं."

एवढंच बोलणं झालं आणि चौघं आपापल्या जागी बसले.

अकराला चहा आला. धुडकू कप हातात घेऊन बीमसमोर उभा राहिला. एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही. तो दोन पावलं मागे गेला, मान वाकडी करून पाहू लागला.

"उखा, इकडे ये."

उखाने पाहिलं. "आयला."

योगिता आकडा खाली ठेवून उठली. भरलेल्या धाग्यांची रांग डावीकडून एक ते आठ अशी चढत आत आली होती आणि उजवीकडूनही चढतच आत आली होती. मधल्या मोकळ्या जागेकडे दोन्ही बाजू घराच्या छपरासारख्या झुकल्या होत्या. विणायला घेतलं असतं तर अर्धं कापड एका अंगाला तिरकं गेलं असतं आणि अर्धं दुसऱ्या.

"आते काय करानं?" उखा म्हणाला. "हजाराच्या वर धागे भरलेत आम्ही. मी म्हटलं होतं. आपली जोडी आपली बरी होती."

"आमचं कागदाबरहुकूम आहे," योगिता म्हणाली. "मावशी वाचून सांगत होती."

"म्हणजे आम्ही हवेत भरत होतो का?"

आवाज चढलेला ऐकून हेमराज मास्तर हात पुसत आले. त्यांना सांगावं लागलं नाही. बीमकडे एकदा पाहिलं आणि त्यांनी घड्याळाकडे नजर टाकली.

"कुणाची बाजू चुकली?"

धुडकूने कप खिडकीत ठेवला.

"एक बाजू काढावी लागेल, मास्तर. आमची काढतो."

"तुमची तर जास्त भरलीय. त्यांचे नऊशेही नसतील."

"पोरीचा हात आत्ता बसलाय. तिला उलटं भरायला लावलं तर मध्येच जुनी सवय आठवेल आणि एखादा धागा भलत्या चौकटीत जाईल. तो एक धागा आख्ख्या ताक्यात दिसेल. आमचा हात कसाही वळतो. तुम्ही फक्त मागावरच्या चौकटी उचलणाऱ्या खुंट्या उलट्या क्रमाने बसवा, कापड हवं तसंच निघेल."

हेमराज मास्तरांनी मनाशी पडताळून पाहिलं आणि मान हलवली. "निघेल."

धुडकू बसलाही. त्याने आपल्या बाजूचे धागे मूठभर धरून ओढायला सुरुवात केली. सकाळपासून एकेक करून भरलेले धागे सरसर बाहेर येत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर भाजी निवडणाऱ्या माणसाएवढीच काळजी होती.

सरलाबाई कागद घेऊन बीमच्या पुढच्या अंगाला आल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच इथे उभ्या राहत होत्या. कागद त्यांनी समोर धरला आणि एक, दोन, तीन करत डावीकडे पाहिलं. धुडकूच्या उरलेल्या धाग्यांशी कागद जुळत होता. मग त्यांनी उजवीकडे पाहिलं.

कागद पुढून पाहणाऱ्यासाठी होता. त्यांनी तो मागे बसून वाचला होता. त्यांची डावी ती पुढच्याची उजवी. साध्या कापडात कुठूनही धरलं तरी चालतं, म्हणून इतक्या वर्षांत कधी अडलं नव्हतं.

हेमराज मास्तर निघाले होते. उखा खाली मान घालून धागे काढत होता. बोलायची काही गरज नव्हती.

"मास्तर," सरलाबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. कागद मी उलट्या बाजूने वाचला. यांची बाजू बरोबर होती."

मास्तर थांबले. धुडकूचा हातही क्षणभर थांबला.

"पाच वाजता बघतो," मास्तर एवढंच म्हणाले आणि गेले.

उखाने सरलाबाईंकडे वर पाहिलं. तोंडात काहीतरी तिखट आलं असावं, ते त्याने गिळलं. मग तो उठला, स्टूल उचललं आणि बीमच्या मागच्या अंगाला, योगितासमोर नेऊन ठेवलं.

"ज्यानं बिघडवलं त्यानंच धुडकूला धागे द्यावेत," तो म्हणाला. "मी पोरीला देतो. चल वं, किती आला होता?"

"सात," योगिता म्हणाली.

"मग आठ. आणि मी मावशीसारखा गोड बोलणार नाही, आधीच सांगतो."

"मावशी कुठे गोड बोलते?"

उखा हसला.

सरलाबाई धाग्यांच्या मागे, धुडकूसमोर बसल्या. इतकी वर्षं त्याच्या हाताबद्दल ऐकलं होतं, जवळून पाहत होत्या आज. आकडा तारेला लागल्याचा आवाज येत नव्हता. धागा बोटातून सुटायच्या आत दुसऱ्या धाग्यासाठी आकडा हजर असे. तरी तो त्यांना घाई करत नसे, त्यांच्या वेगाशी आपला वेग मिळवून घेई. दोनशे धागे झाले, चारशे झाले. आता त्यांना आकडे मोजून सांगावे लागत नव्हते.

चारच्या सुमाराला दोन्ही बाजूंमध्ये जेमतेम वीतभर जागा उरली. तिकडे उखा योगिताला कुठल्याशा लग्नातल्या जेवणाची गोष्ट सांगत होता, आणि तिचा आकडा चुकत नव्हता.

"धुडकूभाऊ," सरलाबाई हळू म्हणाल्या, "तुम्ही कागद एकदाच लांबून पाहिला. तरी बरोबर कसा धरला?"

धाग्यांच्या पलीकडून आकडा आला आणि आणखी एक धागा घेऊन गेला.

"माले कोठे वाचता येस?" धुडकू म्हणाला. "शाळेचं तोंड पाहिलं नाही. ज्या कारीगराच्या मागावर हा बीम चढणार, तो सकाळी रात्रपाळी करून निघाला होता. त्याला गेटवर गाठला आणि विचारलं, बाबा, कापड कुठल्या अंगाला झुकणार?"

सरलाबाईंच्या बोटात धागा तसाच राहिला.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही वाचत होत्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट थोडा मानच होता, आणि तोच सरलाबाईंना जास्त लागला.

पलीकडे आकडा तारेच्या डोळ्यात येऊन थांबला होता.

"उद्याचा बीमही तिरकाच आहे म्हणतात," धुडकू म्हणाला. "जरा लवकर या. मोठ्यानं वाचून दाखवा, चौघांना ऐकू येईल असं."

"आणि तुम्ही?"

"मी गेटवर असेन. कारीगर निघून जायच्या आधी."

सरलाबाईंनी मान हलवली. धाग्यांच्या आडून त्याला ती दिसली नसणार.

"धागा," धुडकू म्हणाला.

त्यांनी धागा दिला.