पारीचा तास

“आज मुलींना काय शिकवणार, पारीबाई?” लीयाताईंनी विचारले, तेव्हा पारी समाजमंदिराच्या दाराबाहेर बघत राहिली, जणू उत्तर तिकडूनच चालत येणार होते.

पेणच्या संस्थेने हे नवे खूळ काढले होते. गडबजवळच्या कातकरवाडीतल्या शाळकरी मुलींना वाडीतल्याच जाणत्या बाईने आपली बोली आणि रानाची माहिती शिकवायची. संस्थेच्या लीयाताई पेणच्या ज्यू घरातल्या, शनिवार पाळणाऱ्या, म्हणून तास रविवारी. जाणती बाई म्हणून निवडली पारी. उभा जन्म वीटभट्टीवर गेलेल्या पारीला हा मान कुठे ठेवावा तेच कळेना. गेल्या रविवारी तिने रानातले कंद दाखवले, ते निभावले. आज बोलीची पाळी होती, आणि समोरच्या सहा मुलींत तिची नात मैना बसली होती.

घोडे तिथेच अडले होते. आई गेल्यापासून मैना पारीकडेच वाढली. पहिलीत तिच्या बोलण्याला सगळा वर्ग हसला आणि पोर शाळेत जाईना. तेव्हा पारीनेच दटावून, प्रसंगी चापट मारून, वाडीची बोली तिच्या तोंडातून काढली. आता मैना नववीत होती, गुरुजींसारखे बोलत होती. पारीला त्याचा केवढा अभिमान! आणि ताई म्हणत होत्या, तेच परत द्या. मग तेव्हाचे चुकले, की आताचे चुकतेय?

“आजी, तूच तर बोलू नको म्हणायचीस,” मैना सगळ्यांदेखत म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून पारीला जास्त लागले.

“व्हय गो. तवा तेच बरं वाटलं. आता मलाच काय कळत नाय.”

मैनाने वही उघडली.

“माझी आई तुला काय हाक मारायची?”

पारीने तो शब्द सांगितला. बारा वर्षांत त्या हाकेने तिला कोणी बोलावले नव्हते. मुली हसल्या नाहीत. मैनाची जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा शब्द नीट आला. तिने तो वहीत लिहिला आणि वही आजीपुढे धरली.

“बरोबर आहे ना?”

पारीला अक्षरओळख नव्हती. तिने पदराला हात पुसले, शाईखाली बोट ठेवले आणि वाचणारा लावील तेवढा वेळ लावला.

“बरोबर हाय,” ती म्हणाली.